सांधणारे मास्तर

अंबादास मास्तरांनी नवी चप्पल घेतली की जुनी ते लगेच टाकत नसत. जुनी पिशवीत घालून आठ-पंधरा दिवस बरोबर हिंडवत. नवी चावली, तुटली, तर काय घ्या? भिंतीवरच्या कॅलेंडरचंही तसंच. नवं वर्ष लागलं की जुन्यावरच नवं अडकवायचं. आमच्या शेडमधल्या खिळ्यावर अशी इतकी कॅलेंडरं साठली की एक दिवस खिळाच भिंतीतून निघाला आणि सगळा गठ्ठा माझ्या पायावर पडला.

मी म्हटलं, "मास्तर, गेलेली वर्षं कशाला जपताय? त्यातल्या एकादश्यासुद्धा शिळ्या झाल्या."

त्यांनी गठ्ठा उचलला, धूळ झटकली आणि म्हणाले, "वैनी, जुनं सुटायच्या आत नवं बांधायचं असतंय. बांधलेलं पक्कं हाय का न्हाय ते कळंपतूर जुनं सोडायचं न्हाय."

हे वाक्य त्यांच्या धंद्यातून आलेलं होतं. मागावर उभ्या धाग्यांचा एक मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. त्यावरचं सूत संपत आलं की ते कापून टाकत नाहीत. नव्या बीमचा एक एक धागा जुन्याच्या एक एक धाग्याला गाठ मारून जोडायचा, आणि जुन्याच्या मागोमाग नवं सूत फणीतून ओढून घ्यायचं. जुनं आधी काढलं तर सगळे धागे पहिल्यापासून ओवत बसावं लागतं. त्यात दिवस जातो आणि डोळे जातात. मास्तर तरुणपणी हेच सांधायचं काम करत. पुढं ते काम सुटलं, पण बोटांची सवय गेली नाही. बोलता बोलता त्यांचा अंगठा आणि बोट हवेतच गाठ मारत असे. नवीन माणसाला वाटायचं, हे पैसे मागतायत.

दुसरी सवय मोठ्यानं बोलायची. मागाच्या खटखटीत जन्म गेला, त्यामुळं ते सगळीकडं ओरडूनच बोलत. दवाखान्यात डॉक्टरांनी हळूच विचारलं, साखर तपासली होती का, तर यांनी उत्तर सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. बायको वारली तेव्हा स्मशानातसुद्धा त्यांचा आवाज खाली आला नव्हता. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, दोन्ही तितक्याच वरच्या पट्टीत. कुणी घाई केली की "उंडू, उंडू" म्हणायचे. उंडू म्हणजे थांब. ते दिवसभर कुणाला ना कुणाला थांबवत असत.

माझं माहेर माळशिरस तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. मी चौथी शिकले. माझे मालक सोलापुरात गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरामागं पत्र्याची शेड टाकून माग घातले आणि मास्तरांना आणलं. तोवर मास्तर सांधणी सोडून डिझाइन काढायला शिकले होते. चौकटीचा कागद घ्यायचा, एक एक चौकट रंगवायची, आणि त्यावरून टॉवेलावर मोर उठवायचा. त्यांचा मोर कोंबडीसारखा दिसायचा. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. पण अक्षर चांगलं होतं. आमच्याकडं लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर असतो. त्या टॉवेलावर नवरानवरीचं नाव, गावाचं नाव विणून देणारे थोडे. मोठे कारखाने असली बारीक कामं घेत नाहीत. आम्ही घ्यायचो. आमचं घर त्या नावांवर चाललं.

पुढं मालकांनी जुना कंप्युटर आणला. मास्तर तेव्हा पन्नाशीला आले होते. एका बोटानं शिकले. पण कागद सोडला नाही. वर्षभर प्रत्येक नाव आधी कागदावर काढायचे, मग कंप्युटरवर. मालक म्हणाले, "अहो, दोनदा कशाला?" तर म्हणाले, "हे बंद पडलं तर?" कंप्युटर काही बंद पडला नाही. मग एक दिवस कागद संपला, तेव्हा कुठं थांबले.

मालक गेले. मुलगा महेश पुण्यात नोकरीला. माग मी चालवायला लागले. मास्तर डिझाइन करत, मी घड्या घालत असे, हिशेब बघत असे आणि मागवाल्यांना शिव्या देत असे. असं बरीच वर्षं चाललं. त्यात गोड काही नव्हतं. आम्ही रोज भांडायचो. पंख्यावरून, चहावरून, कुठल्या नावात काना राहिला त्यावरून.

मग कंप्युटर कुरकुर करायला लागला. त्याच्या पेटीतून टिक टिक असा आवाज यायचा, आणि मधेच तो गोठून बसायचा. सात रस्त्याला रफिकभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी कान लावला आणि सांगितलं, "अम्मा, इसकी डिस्क चालली. महिना, दो महिना." डिस्क म्हणजे पेटीच्या आतली एक चपटी डबी. सगळी डिझाइनं तिच्यात. कंप्युटरला चालवणारी सिस्टिमही तिच्यातच.

नेमकं त्याच सुमाराला होटगी रस्त्यावरचा एक शेठ आमचे माग विकत मागत होता. महेश फोनवर म्हणाला, "आई, किती दिवस ओढणार? देऊन टाक आणि इकडं ये." मला ते पटत होतं. माझे गुडघे गेले होते. सकाळी शेडपर्यंत जायचं म्हटलं तरी भिंत धरावी लागे. पण मास्तरांचं काय करायचं? शेठकडं डिझाइनला दोन पोरी बसतात. त्याला माग पाहिजे होते, मास्तर नको होते. साठी उलटलेली, साखरेनं डोळे अधू झालेले. अशा माणसाला कोण कामावर घेतो? त्यांची पोरगी अकलूजला दिलेली, तिचा नवरा डेअरीत. जावयाच्या दारात जाऊन बसणं मास्तरांना मरणासारखं वाटणार, असं मला वाटायचं.

मी आडून बोलत नाही. मास्तरांना बोलावलं आणि सांगितलं, "शेठ सोमवारी येतोय. नवी डिस्क टाकून कंप्युटर नीट चालला तर माग आपण चालवू. न्हाय चालला तर सगळं देऊन टाकू."

"आणि मी?"

"म्हणूनच सांगतेय. चालवा."

आम्ही रिक्षानं सात रस्त्याला गेलो. रफिकभाई म्हणाले, "पेटी इथंच ठेवा, परवा घेऊन जाव." मास्तर दुकानात ओरडले, "माझा सगळा संसार तुझ्या दुकानात ठिवून जाऊ व्हय? मी करतो." रफिकभाई चिडले नाहीत. त्यांनी नवी डिस्क दिली, सिस्टिम भरलेला पेन ड्राइव्ह दिला, आणि नीट समजावून सांगितलं. "चाचा, पहले पुरानी निकालो. बाजूला ठेवा. एकट्या नवीवर सिस्टिम टाका. मग जुनी जोडा और माल उतरवून घ्या. उलटं नक्को करू."

मी हे माझ्या कानानं ऐकलं. मास्तरांनीही मान हलवली.

घरी आल्यावर मास्तरांनी पेटी उघडली. आत सुताचा भुगा इतका, की बोळा करून उशी भरता आली असती. तो त्यांनी ब्रशनं झाडला. मग नवी डबी जुनीच्या शेजारी बसवली, दोघींना वायर जोडल्या, आणि जुनी काढलीच नाही.

"मास्तर, त्यानं काय सांगितलं? जुनी आधी काढा."

"वैनी, तुमी कधी बीम सांधलाय?"

"न्हाय."

"मग गप बसा. जुनी काढली आणि नवी न्हाय चालली तर मी काय धरू?"

मी घड्या घालायला घेतल्या. मला कंप्युटरमधलं काही कळत नाही, आणि त्यांना धागा जोडायचं कळत होतं हे खरं होतं.

सिस्टिम नव्या डबीत बसली. पडदा निळा झाला, काळा झाला, पुन्हा निळा झाला, आणि शेवटी चालू झाला. मास्तरांनी जुन्या डबीतली सगळी डिझाइनं नवीत उतरवून घेतली. त्यांचा चेहरा फुलला. मग कंप्युटर बंद केला, जुनी डबी काढली आणि बटण दाबलं. काळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत पांढरी ओळ. ती ओळ त्यांनी नाक टेकवून अक्षर अक्षर वाचली. चालू करायला काही सापडत नाही, असा तिचा अर्थ होता म्हणे.

जुनी परत जोडली. कंप्युटर लगेच चालला, आणि तोही नव्या डबीवरनं. जुनी काढली, पुन्हा तीच ओळ.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी काय काय केलं ते मी घड्या घालत बघत होते. वायरी बदलल्या. या भोकातली वायर त्या भोकात घातली. आतला छोटा गोल सेल बदलला. फुंकर मारली. पेन ड्राइव्हवरनं सगळं पुसून पहिल्यापासून सिस्टिम टाकली, पुन्हा डिझाइनं उतरवली. पण प्रत्येक वेळी जुनी डबी शेजारी जोडलेली. प्रत्येक वेळी सगळं छान व्हायचं, आणि जुनी काढली की काळा पडदा. त्यांचे डोळे लाल झाले. कडक भाकरी डब्यात तशीच राहिली. मागवाले येऊन बघून जात, कारण त्यांनाही सोमवार माहीत होता.

मी म्हटलं, "रफिकभाईला फोन लावा."

"तो दुकानदार हाय. आणखी एक डबी विकंल."

"तो विचारंल, जुनी काढली व्हती का, म्हणून फोन करत न्हाय तुमी."

मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ते बहिरे नव्हते.

सोमवारी शेठ आला. पांढरे कपडे, तोंडात मावा. मास्तरांनी दोन्ही डब्या जोडून, पेटीचं झाकण लावून, कंप्युटर चालू करून दाखवला. एक नाव काढलं, मागाला पाठवलं, शेठच्या समोर टॉवेलावर ते नाव उतरलं. शेठ म्हणाला, "चालतंय की मग. तुमची इच्छा, आजी." आणि गेला. मी महेशला फोन केला. "चाललं बाबा. माग राहू दे." महेशनं नुसता सुस्कारा टाकला. मीही टाकला असता, पण समोर मास्तर होते.

शेठ गेल्यावर मी विचारलं, "आता ही जुनी मेली तर?"

"जुनी हाय म्हणून नवी चालतीय, वैनी. बघितलं न्हव का तुमी? जोडलेलं हाय तवर चालतंय."

"आणि मेल्यावर?"

त्यांची बोटं हवेत गाठ मारायला लागली.

तिथून पुढं मास्तरांनी कंप्युटर बंद करणंच सोडलं. बंद केला आणि जुनी डबी पुन्हा उठली नाही तर, ही भीती. लाइट जाते म्हणून बॅटरी बसवून घेतली. सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याची शेड, आणि ती पेटी तापून तव्यासारखी. मास्तरांनी घरचा टेबलफॅन आणून तिच्यावर लावला आणि स्वतः घामानं भिजत बसले. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, पेटीवर हात ठेवून टिकटिक ऐकायचे. बाळंतिणीपाशी सुईण बसावी तसे. पोरीनं अकलूजला बोलावलं, गेले नाहीत. नातवाचं जावळ होतं, तरी गेले नाहीत. "मी गेलो आणि लाइट लई वेळ गेली तर?" म्हणाले. नावांत चुका व्हायला लागल्या. एका टॉवेलावर नवरीचं नाव असं काही विणलं की ते वाचून लग्न मोडलं असतं. मी वेळेवर धरलं. एरवी मी ओरडले असते. त्या वेळी ओरडले नाही, कारण त्यांनी भांडण काढलंच नाही. नुसतं "उसवून टाका" म्हणाले. मला ते बरं वाटलं नाही.

असा पावसाळा गेला. खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं सगळी यंत्रं बंद असतात. माग पुसायचे, तेल द्यायचं, झेंडूची माळ, हळद-कुंकू, नारळ. शेडमध्ये वर्षातनं तेवढी एकच वेळ शांतता असते. सगळे माग थांबले. कंप्युटर मात्र चालूच.

"मास्तर, ह्याला बंद करा. पुसून कुंकू लावू."

"वरनंच लावा की."

"चालत्या यंत्राला कुणी कुंकू लावतं व्हय?"

"देव समजून घेतोय."

"देव घेईल. मी न्हाय घेणार. किती म्हयनं झालं, तुमी असं राखण करत बसलाय. पडायचं असंल तर आज पडू दे. निदान अंघोळ करून तरी आलाय."

मागवाले हसले. मास्तर हसले नाहीत. पण उठले. सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्या सणाला, मालकिणीला नाही कसं म्हणणार? त्यांनीच बटण दाबलं. पडदा विझला. मी पेटी पुसली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला. मग मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. टिक, टिक, टिक. मग टिकटिकही थांबली. काळा पडदा, पांढरी ओळ.

मास्तर स्टुलावर बसले. "संपलं, वैनी."

"काय संपलं? रिक्षा बोलवा."

रफिकभाईंचं दुकान उघडं होतं. त्यांनी झाकण काढलं, आत शेजारी शेजारी बसलेल्या दोन डब्या बघितल्या, आणि मास्तरांकडं बघितलं. "चाचा, पुरानी निकालके सिस्टिम डाली थी क्या?"

मी म्हटलं, "न्हाय काढली."

रफिकभाई म्हणाले, "तोच लफडा. सगळी सिस्टिम नवी में बैठी. पण कंप्युटर उठवणारा एक जरासा तुकडा असतो, तो जुनीत जाऊन बसला. जुनी समोर दिसली ना, त्याला वाटलं इथंच माझी जागा. म्हणून जुनी काढली की तो उठत नव्हता. आता जुनी मेली, तुकडा तिच्याबरोबर गेला."

"आणि माल?" मास्तरांनी विचारलं.

"माल कैकू जाता? माल नवीत सलामत हाय. पहिल्या दिवसापास्नं."

त्यांनी जुनी डबी उपटून बाजूला ठेवली. पेन ड्राइव्ह लावला, काही दाबलं, आमच्यासाठी चहा सांगितला. चहा प्यायच्या आत कंप्युटर एकट्या नव्या डबीवर उभा राहिला. मास्तरांच्या कोंबड्या पडद्यावर आल्या. रफिकभाईंनी वर एक शब्द ऐकवला नाही. मी असते तर ऐकवला असता.

पेटी मांडीवर घेऊन आम्ही परत आलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. मागवाले प्रसाद घेऊन घरी गेले होते. मास्तरांनी कंप्युटर जागेवर मांडला, चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. चालला. मग पुन्हा बंद केला आणि तसेच बसून राहिले.

"आता ह्याच्याकडं धा वर्सं बघाय नको," ते म्हणाले. न्यायाधीशानं शिक्षा सांगावी तसं म्हणाले.

"मास्तर, तुमाला आनंद झालेला दिसत न्हाय."

"झाला की."

"तोंडावर तर न्हाय दिसत."

माग बंद, कुठं खटखट नाही. आणि मग ते जे बोलले ते हळू बोलले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"वैनी, मला आता अक्षर दिसत न्हाय. अंदाजानं काढतोय. सकाळी उठलं की वाटतंय, आज नको. पोरगी बोलावतीय, जावई पण म्हणतोय, या की हितं. जावं वाटतंय."

"मग जात का न्हाई?"

"मी गेलो तर तुमचं माग बंद पडतील. मालकांनी जाताना हात धरून सांगितलं व्हतं, वैनीला एकटं टाकू नका."

मी म्हटलं, "मला काय सांगून गेलेत माहीत हाय? अंबादासला काढू नको, तो कुटं जाईल."

आमचे मालक दोघांना दोन गोष्टी सांगून मोकळे झाले होते. कारकून माणूस. एकमेकांना विचारून बघा, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

मास्तर म्हणाले, "म्हंजी तुमाला माग नकोत?"

"माझं गुडघं बघा. कोणाला पाहिजेत माग?"

"मग शेठ आला तवा दिलं का न्हाईत?"

"तुमी ते डबडं चालू करून दाखवलं. कसं देणार?"

"मी तुमच्यासाठी दाखवलं."

"आणि मी तुमच्यासाठी ठिवलं."

कुणाला वाटेल आम्ही हसलो असू. नाही हसलो. हसायलाही अंगात काही लागतं. मी देवापुढच्या नारळाचं खोबरं काढून त्यांना दिलं, आम्ही दोघांनी ते खाल्लं. मग ते म्हणाले, "शेठला फोन लावता का मी लावू?" मी म्हटलं, "तुमी ओरडता. मी लावते."

दिवाळीच्या आधी माग गेले. शेठनं कंप्युटर घेतला नाही, त्याच्याकडं नवे होते. तो अजून माझ्याकडं आहे, महेशची पोरगी आली की त्यावर पत्ते खेळते. मास्तरांना घ्यायला पोरगी आणि जावई आले. मास्तरांनी दोन पिशव्या घेतल्या. मी निरोपाला दारापर्यंत गेले, पायरी उतरले नाही, गुडघ्यामुळं. ते म्हणाले, "येतो वैनी." मी म्हटलं, "या." आमच्यात त्यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नव्हती.

अकलूजला ते पुढचा उन्हाळा संपेपर्यंत होते. मग एक दिवस पद्माचा, म्हणजे त्यांच्या पोरीचा, फोन आला. साखर वाढली, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी गेले. मी दहाव्याला एसटीनं गेले. महेश म्हणाला, आई, तुला झेपणार नाही. मी म्हटलं, बसायचंच तर आहे, एसटी चालणार आहे.

पद्मा जवळ येऊन बसली. चेहरा बापासारखाच, आवाज मात्र लहान. मी विचारलं, "हितं करमलं का त्यांना?"

"सुरुवातीला न्हाय, काकू. झोपच यायची न्हाय. म्हणायचे, लई गप हाय गं तुमचं घर. मग हळूहळू लागायला लागली. शेवटी शेवटी तर जेवण झालं की आडवे व्हायचे ते चार वाजेपतूर उठत नसत. मी लग्नाआधी बाबांना दुपारचं झोपलेलं कधीच बघितलं नव्हतं. पहिल्यांदा झोपले तवा मी घाबरून श्वास बघितला."

"काही म्हणायचे?"

"काही न्हाय. उठले की च्या मागायचे. एवढंच."

मी परत आले तेव्हा महेशनं फोन करून विचारलं, फार वाईट वाटलं का. मी म्हटलं, वाटणारच की. पण त्या माणसाला सहा-सात महिने दुपारची झोप मिळाली. ती त्याला बरीच आधी मिळाली असती. दोघांपैकी एकानं तोंड उघडून, मी दमलोय, एवढंच म्हणायला पाहिजे होतं. तू पण दमला असशील तर सांग. मी काही म्हणणार नाही.

तो म्हणाला, "हो, आई. दमलोय."

मी म्हटलं, "मग ठेव फोन आणि झोप."